अंड्यांतील जीव

गेल्या महिन्याच्या टपालांत एका भगिनीचें पत्र आलें. पत्र लांबलचक असून त्यांतील बराचसा मजकूर घरगुती आहे, म्हणून तें जसेंच्या तसें छापीत नाहीं. नांवगांवहि देत नाहीं. प्रसंग असा आहे : त्यांची अकरा वर्षांची मुलगी विषमज्वरांतून नुकतीच उठली आहे. अंगांत शक्ति नाहीं. जिन्याच्या चार पायऱ्या चढली तरी धाप लागते. डॉक्टरांनीं तिला रोज एक अंडें देण्यास सांगितलें. त्या घरांत आजवर अंडें आलेलें नाहीं. सासूबाई म्हणाल्या, "अंडें म्हणजे न जन्मलेलें पिलूंच, तें खाणें ही भ्रूणहत्या." यजमान म्हणाले, "हल्लीं बाजारांत मिळतें तें अंडें निर्जीव असतें. त्यांतून पिलूं निघतच नाहीं, मग हत्या कोठली?" वाद आठ दिवस चालला, आणि अखेर मुलीनेंच तो थांबविला. खरें काय तें कोणी नीट सांगेपर्यंत आपण अंड्याला शिवणार नाहीं, असें म्हणून ती बसली आहे. "आजी खरें बोलते कीं बाबा, एवढेंच आपण सांगावें," असा पत्राचा शेवट आहे.

प्रश्न लहान आहे, परंतु त्याचें उत्तर एका ओळींत देतां येत नाहीं. अंड्यांत जीव केव्हां येतो हें कळल्यावांचून तें फोडावें कीं न फोडावें याचा विचार करणें म्हणजे पत्रिका न पाहतां मुहूर्त सांगण्यासारखें आहे. गर्भाधान हा शब्द आपल्या घरांतून सोळा संस्कारांपैकीं पहिला म्हणून ठाऊक असतो; मात्र त्याचा अर्थ मुलांनीं विचारला कीं वडील मंडळींस एकाएकीं चष्मा कोठें ठेवला तें आठवेनासें होतें. या मुलीनें सरळ विचारलें आहे, तेव्हां आम्हीहि सरळच सांगणार आहों.

मादीच्या शरीरांत तयार होतें तें स्त्रीबीज आणि नराच्या शरीरांत तयार होतात ते शुक्रजंतु. स्त्रीबीज आकारानें मोठें, पुढील जीवाची शिदोरी पोटांत घेऊन स्वस्थ बसलेलें असतें. शुक्रजंतु अतिशय सूक्ष्म, शेंपटीच्या फटकाऱ्यानें पोहणारा, आणि शिदोरीच्या नांवानें बहुतेक रिकामा. या दोहोंचा संयोग होऊन दोघांचीं केंद्रें एकरूप झालीं म्हणजे अंडें फळलें. याला शास्त्रीय ग्रंथांत 'फलन' म्हणतात. आतां अडचण अशी कीं, शुक्रजंतूला पोहावयास ओलावा पाहिजे. कोरड्या हवेंत त्याचा टिकाव लागत नाहीं. प्राणिसृष्टींत फलनाचे जे चित्रविचित्र प्रकार आढळतात, ते बहुतेक या एका अडचणीवरचे तोडगे आहेत.

समुद्रांत राहणाऱ्यांस ओलाव्याची वाण नाहीं, पण त्यांच्यापुढें समुद्राच्या अफाटपणाचा प्रश्न असतो. बीजें सोडलीं आणि तीं एकमेकांस भेटलींच नाहींत तर काय? ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत प्रवाळांची जी प्रचंड रांग आहे, तेथें तिकडच्या वसंतांत, म्हणजे आपल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत, पौर्णिमेनंतरच्या कांहीं मोजक्या रात्रीं पुष्कळ जातींचे प्रवाळ आपलीं बीजें एकदमच पाण्यांत सोडतात. पाण्यावर गुलाबी तवंग येतो. हा प्रकार शास्त्रज्ञांच्या नजरेस १९८० नंतरच्या दोन-चार वर्षांत आला. डोळे नाहींत, मेंदू नाहीं, घरांत पंचांग नाहीं, तरी तिथि चुकत नाहीं! पाण्याची ऊब आणि चांदण्याचा कमी-अधिकपणा यांवरून त्यांस वेळ कळते असें दिसतें.

शुक्रजंतु अंड्यांत शिरतो तो क्षण मनुष्यास प्रथम नीट दिसला तोहि समुद्रांतल्याच प्राण्यांत. भूमध्य समुद्रांत काटेरी चेंडूसारखा एक प्राणी तळाशीं असतो. इंग्रज त्यास 'सी अर्चिन' म्हणतात. त्याचीं अंडीं पारदर्शक असल्यामुळें आंत काय चाललें आहे तें सूक्ष्मदर्शकाखालीं स्पष्ट दिसतें. १८७६ सालीं ओस्कार हेर्टविग् या जर्मन शास्त्रज्ञानें या अंड्यांत दोन केंद्रें एकमेकांकडे सरकून एक होतांना पाहिलीं. आणि १८७९ सालीं हेर्मान फोल या स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञानें तारामाशाच्या अंड्यांत शुक्रजंतु शिरतांना पाहिल्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. शुक्रजंतु मनुष्यास ठाऊक होते ते १६७७ पासून. हॉलंडांतील लेव्हेनहुकनें आपल्या हातानें घांसलेल्या भिंगांतून ते पाहिले होते. म्हणजे पाहुणा दिसल्यापासून तो घरांत शिरतांना दिसेपर्यंत दोनशें वर्षें गेलीं.

त्या काटेरी प्राण्याच्या अंड्याची आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. एका अंड्याभोंवतीं शेंकडों शुक्रजंतु जमतात, पण आंत घ्यावयाचा तो एकच. दोन शिरले तर केंद्रांतील सामग्री प्रमाणाबाहेर वाढून गर्भ नासतो. म्हणून पहिला आंत येतांच क्षणार्धांत अंड्याच्या त्वचेवरील विद्युत्स्थिति पालटते आणि दुसऱ्यास आंत शिरतां येत नाहीं. हा पहिला बंदोबस्त तात्पुरता असतो. तेवढ्या अवधींत, सुमारें मिनिटभरांत, अंड्याभोंवतीं एक पातळ पापुद्रा उचलला जाऊन कायमचें कुंपण होतें. आधीं हातानें दार लोटून धरावें आणि मग सावकाश अडसर घालावा, तसा हा प्रकार आहे. पक्ष्यांची रीत मात्र अगदीं उलट. कोंबडीच्या बीजांत अनेक शुक्रजंतु शिरतात. त्यांतील एकाचाच संयोग होतो आणि बाकीचे आंतल्या आंत जिरून जातात.

समुद्राकडून आतां आपल्या अंगणाकडे येऊं. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडला कीं शेताच्या बांधावर आणि डबक्यांत जे पिवळेधमक बेडूक दिसतात ते आपल्या मोठ्या बेडकाचे नर होत. एरव्हीं ते मातकट-हिरवे असतात. या दिवसांपुरता हा हळदीचा रंग आणि गालांवर निळ्या पिशव्या. त्यांचा तो रात्रभरचा कोलाहल म्हणजे मादीला घातलेली साद. नर मादीच्या पाठीवर बसून तिला हातांनीं घट्ट धरून ठेवतो, आणि ती पाण्यांत अंडीं सोडूं लागली कीं त्याच क्षणीं तो त्यांवर रेत सोडतो. फलन होतें तें अंगाबाहेर, पाण्यांत. ही मिठी इतकी घट्ट कां असावी? बेडकाच्या अंड्याला कवच नसतें. भोंवतीं नुसता चिकट बुळबुळीत थर असतो. पाणी लागतांच तो थर फुगतो, आणि एकदां पुरता फुगला कीं शुक्रजंतूस आंत जाणें दुरापास्त होतें. म्हणून नरास त्या घटकेला तेथें हजर असावेंच लागतें.

याच बेडकांवर अठराव्या शतकांत झालेला एक प्रयोग इतका गंमतीचा आहे कीं तो सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. लाझारो स्पालान्झानी हे इटलींतील पाविया येथील विद्यापीठांत अध्यापक होते आणि शिवाय दीक्षा घेतलेले धर्मगुरु. नराच्या अंगांतून कांहीं तरी बाहेर पडतें आणि त्यानेंच अंडें फळतें कीं काय, हें त्यांस ताडून पाहावयाचें होतें. त्यांनीं नर-बेडकांस मेणकापडाच्या चिमुकल्या तुमानी शिवून घातल्या! तुमान घातलेल्या नरांनीं माद्यांना नेहमींप्रमाणेंच धरलें, माद्यांनीं अंडीं घातलीं, पण त्यांपैकीं एकहि फळलें नाहीं. मग तुमानींत सांचलेला द्रव काढून त्यांनीं दुसऱ्या अंड्यांस लावला, तों त्यांतून बेडकांचीं पिलें निघालीं. पुढें १७८० सालीं एका कुत्रीवर हाच प्रयोग करून बासष्ट दिवसांनीं त्यांनीं तीन पिलें मिळविलीं. एवढेंच नव्हे तर तो द्रव कागदांतून अनेकदां गाळला असतां त्याची शक्ति नाहींशी होते आणि कागदावर उरलेला गाळ पाण्यांत कालविला असतां ती परत येते, हेंहि त्यांनीं दाखविलें. आतां गाळांत काय राहिलें होतें तें वाचकांनीं ओळखलेंच असेल. पण स्पालान्झानींनीं शेवटपर्यंत मानलें नाहीं कीं शुक्रजंतूंचा यांत कांहीं हात आहे. ते त्यांस नुसते परोपजीवी किडे समजत. सारा पुरावा स्वतःच्या हातीं असून निष्कर्ष मात्र दुसऱ्यांच्या वांट्यास गेला. १८२४ मध्यें प्रेव्होस्ट व द्यूमा यांनीं तेच प्रयोग फिरून करून खरी गोष्ट मांडली.

बेडकांची गोष्ट संपली असें वाटत असतांना आपल्याच सह्याद्रींतून एक नवा प्रकार पुढें आला. 'बॉम्बे नाइट फ्रॉग' या नांवाचा एक लहान बेडूक पश्चिम घाटांत ओढ्यांच्या काठीं आढळतो. त्याच्या नरास मिठी ठाऊक नाहीं. तो मादीच्या वरून हात टेकून नुसता उभा राहतो, तिच्या पाठीवर रेत सोडतो आणि बाजूला होतो. त्यानंतर मादी पाण्यावर झुकलेल्या पानावर अंडीं घालते. पाठीवरून ओघळलेलें रेत त्यांस लागून तीं फळतात. श्री. एस्. डी. बिजू व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं हें प्रसिद्ध केलें. आपल्या घाटांत इतकीं वर्षें आपण पावसाळी सहली काढीत आलों आणि हें कोणाच्याच ध्यानांत आलें नव्हतें. रात्रीं, पावसांत, ओढ्याकांठीं तासचे तास बसणारा हौशी माणूस त्यास लागतो.

माशांविषयीं थोडक्यांत सांगतों. आमच्या सारस्वत वाचकांस या विषयाचें ज्ञान आमच्याहून अधिक, निदान ताटांतल्या बाजूनें. बहुतेक माशांचें फलन पाण्यांतच होतें. परंतु गोड्या पाण्यांत पडलेला माशाचा शुक्रजंतु मिनिटभरांतच थंडावतो, आणि अंड्याच्या कठीण त्वचेस आंत जाण्यास एकच सूक्ष्म छिद्र असतें. तेवढ्या वेळांत त्यानें तें छिद्र गांठावयाचें! म्हणून रोहू, कटला यांसारखे मासे लाखांनीं अंडीं घालतात. हे मासे तळ्यांत वाढतात, पण तेथें अंडीं घालीत नाहींत. त्यांस पुराच्या वाहत्या पाण्याची ओढ असते. पूर्वीं मत्स्यबीज नद्यांच्या पुरांतूनच धरून आणावें लागे. १० जुलै १९५७ या दिवशीं ओडिशांत हिरालाल चौधरी यांनीं दुसऱ्या माशांच्या मेंदूखालील एका ग्रंथीचा अर्क टोंचून तळ्यांतील माशांकडून अंडीं घालविलीं, आणि आज देशभर जी मत्स्यशेती दिसते ती त्यानंतरची. मुशीची गोष्ट निराळी. तिच्यांत फलन मादीच्या पोटांतच होतें. म्हणून ती लाखांच्या भानगडींत पडत नाहीं, मोजकीच प्रजा ठेवते. समुद्रघोड्यांत तर मादी आपलीं अंडीं नराच्या पोटावरील पिशवींत घालते. तीं तेथेंच फळतात आणि बाळंतपण त्याचेंच होतें. हा मजकूर आमच्या घरांत वाचून दाखविला तेव्हां स्त्रीवर्गाकडून "पुन्हां वाचा" अशी मागणी आली.

पाणी सोडून जमिनीवर आलेल्या प्राण्यांस पाणी बरोबर घेऊनच यावें लागलें. विंचवानें मधला मार्ग काढला आहे. नर मादीच्या नांग्या आपल्या नांग्यांत धरून तिला पुढें-मागें फिरवितो. आपल्या रेताची एक लहानशी पुडी जमिनीवर चिकटवून ठेवतो आणि मादीला ओढून नेमकी त्या पुडीवर आणतो. ती पुडी मग मादी शरीरांत घेते. पाहणारास वाटतें फुगडी चालली आहे. कासव, सरडे, साप, पक्षी आणि आपण स्वतः यांनीं याच्याहि पुढें जाऊन तो ओलावा मादीच्या शरीरांतच ठेवला.

कोंकणांत मंडणगड तालुक्यांत वेळास नांवाचें गांव आहे. तेथील वाळूंत ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या रात्रीं येऊन शंभर-सव्वाशें अंडीं घालतात आणि वाळू लोटून समुद्रांत निघून जातात. २००२ पासून तेथील ग्रामस्थ व चिपळूणची सह्याद्रि निसर्ग मित्र ही संस्था मिळून तीं अंडीं राखूं लागले. पूर्वीं तीं खणून विकलीं जात. या कासवांचें मीलन समुद्रांत होतें. नर एकदां पिलूंपणीं समुद्रांत गेला कीं सहसा पुन्हां किनारा पाहत नाहीं. मादी मात्र त्याचे शुक्रजंतु आपल्या शरीरांत सांठवून ठेवते आणि एकाच हंगामांत दोन-तीनदां घातलेलीं अंडीं त्या सांठ्यावर फळवूं शकते. असें कां, तें अंड्याच्या कवचावरून कळतें. कवच आलें कीं शुक्रजंतूस दार बंद. म्हणून जमिनीवर घालावयाच्या अंड्याचें फलन कवचापूर्वींच, आंतल्या आंत, होऊन गेलेलें असलें पाहिजे. हा मुद्दा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. कोंबडीकडे आपण याच वाटेनें येणार आहों.

तत्पूर्वीं दोन अपवाद. मधमाश्यांची राणी आयुष्याच्या आरंभीं आकाशांत उडून दहा-वीस नरांशीं संग करते आणि मिळालेले शुक्रजंतु पोटांतील एका पिशवींत वर्षानुवर्षें जिवंत ठेवते. अंडें घालतांना त्या पिशवीचें तोंड उघडावें कीं नाहीं हें तिच्या हातीं. उघडलें तर अंडें फळतें व मादी जन्मते, म्हणजे कामकरी माशी किंवा पुढची राणी. न उघडलें तर न फळलेल्या अंड्यांतून नर जन्मतो. सायलेशियांतील झिअर्झोन नांवाच्या धर्मगुरूनें १८४५ सालीं हें मांडलें, तेव्हां विद्वानांस तें पटेना. यावरून असें होतें कीं मधमाशीच्या नरास बाप नसतो, पण आजोबा असतो, आईचा बाप. पंचामृतांत मध घालतांना या कुळाचें गोत्र कोणतें सांगावें याचा विचार शास्त्री मंडळींनीं करावा.

दुसरा अपवाद आपल्या कुंडींत आहे. कुंडीची माती उकरतांना गांडुळासारखा पण काळसर, चकचकीत, वळवळणारा वाळा कधीं कधीं हातीं लागतो. तो साप आहे; विषारी नाहीं, आंधळ्यासारखाच आहे. शास्त्रज्ञांनीं त्यास नांव दिलें 'ब्रामिनस'. तें कशावरून, या चर्चेंत आम्ही पडत नाहीं. या जातींत सर्व माद्याच. नर सांपडतच नाहींत. मादी अंडीं घालते, तीं कोणाच्याहि संयोगावांचून वाढतात आणि त्यांतून पुन्हां माद्याच निघतात. कुंड्यांच्या मातींतून तो जगभर पसरला तो याचमुळें. नव्या मुलुखांत वंश वाढण्यास एकटी मादी पुरे. तेव्हां 'न फळलेलें अंडें म्हणजे मृत अंडें' असें सरसकट विधान सृष्टींत चालत नाहीं. एका जातीचा न्याय दुसरीस लावतां येत नाहीं.

मनुष्याविषयीं विस्तार करीत नाहीं. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर सुमारें एक दिवस टिकतें. संयोग व्हावयाचा तो गर्भाशयांत नव्हे, त्याकडे नेणाऱ्या नलिकेंत होतो. आणि कोट्यवधि शुक्रजंतूंपैकीं तेथवर पोंचतात ते कांहीं शेंकडे. ज्या दांपत्यांच्या बाबतींत ही वाट बंद असते, त्यांच्यासाठीं हा संयोग कांचेच्या बशींत घडविण्याची युक्ति निघाली. इंग्लंडांत जुलै १९७८ मध्यें असें पहिलें मूल जन्मलें आणि त्याच वर्षीं ३ ऑक्टोबर रोजीं कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या हातून दुसरें. त्यांच्यावर येथें कोणी विश्वास ठेवला नाहीं. चौकशी झाली, उपहास झाला, आणि १९८१ सालीं त्यांनीं आपला जीव दिला. मुंबईच्या के. ई. एम्. रुग्णालयांत ६ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांनीं जें मूल झालें, तें पुष्कळ वर्षें भारतांतील पहिलें समजलें जाई. पुढें आनंदकुमारांनींच मुखोपाध्यायांच्या वह्या वाचल्या आणि पहिलेपणाचा मान आपला नव्हे, त्यांचा आहे, असें जाहीरपणें सांगितलें. बेडकांच्या तुमानींपासून येथवरची वाट सरळ आहे. तिच्यावर चालणारांस मात्र सारखा न्याय मिळाला नाहीं.

आतां कोंबडी. अंड्यांतील पिवळा बलक हेंच तिचें स्त्रीबीज. तें पक्व होऊन सुटलें कीं एका नरसाळ्यासारख्या नळींत पडतें. फलन व्हावयाचें तर तेथेंच, पहिल्या पाव तासाच्या आंत-बाहेर, झालें पाहिजे. कारण पुढें सरकतांच त्यावर पांढऱ्या बलकाचे थर बसूं लागतात. मग दोन पापुद्रे, आणि शेवटीं सुमारें वीस तास कवच चढण्यांत जातात. एकूण पंचवीस-सव्वीस तासांनीं अंडें बाहेर येतें. कोंबडा जवळ असेल तर त्याचे शुक्रजंतु कोंबडीच्या शरीरांतील बारीक खांचांतून दोन-अडीच आठवडे जिवंत राहतात, आणि रोज सुटणाऱ्या बीजास त्यांतील कांहीं येऊन मिळतात. म्हणून कोंबडा दूर केल्यावरहि कांहीं दिवस फळलेलींच अंडीं येतात. कोंबडा मुळींच नसेल तरी कोंबडी अंडीं द्यावयाचें थांबत नाहीं. बीज सुटतें, थर चढतात, कवच बसतें. फक्त कोणी भेटलेलें नसतें.

तेव्हां आजी आणि बाबा यांपैकीं कोण खरें? गांवांत कोंबड्यांच्या कळपांत कोंबडाहि हिंडत असतो. तेथील अंडें बहुधा फळलेलें असतें. असें अंडें घातलें जातें तेव्हांच त्यांतील गर्भाची वाढ दिवसभर होऊन चुकलेली असते. एका पेशीच्या हजारों पेशी झालेल्या असतात. गार जागीं ती वाढ थबकते, ऊब मिळतांच पुन्हां चालूं लागते आणि एकविसाव्या दिवशीं पिलूं बाहेर येतें. या अंड्याविषयीं सासूबाई म्हणतात तें शब्दशः खरें आहे. दुकानांत मिळणारें अंडें मोठ्या कुक्कुटशाळांतून येतें. तेथें अंड्यांच्या कोंबड्यांत कोंबडा ठेवीतच नाहींत. त्या अंड्याला कितीहि ऊब दिली तरी तें नासेल, उबणार नाहीं. त्याविषयीं यजमान म्हणतात तें खरें आहे.

पण येथें थांबलों तर आम्ही त्या मुलीस अर्धेंच सांगितल्यासारखें होईल. त्या कुक्कुटशाळेंतील कोंबड्या स्वतः कोठून आल्या? त्या फळलेल्या अंड्यांतूनच निघाल्या, आणि तेथें जितक्या माद्या निघतात तितकेच नर. या जातीचे नर अंडीं देत नाहींत आणि मांसासाठीं वाढविणें परवडत नाहीं, म्हणून बहुतेक ठिकाणीं ते जन्मल्या दिवशींच मारले जातात. जर्मनीनें २०२२ पासून हें कायद्यानें बंद केलें. आपल्याकडे तसा कायदा नाहीं. म्हणजे दुकानांतील अंड्यांत जीव नसला, तरी त्याच्या पाठीमागें तो आहे. यजमानांच्या 'निर्जीव' या शब्दांत हें बसत नाहीं.

आणि सासूबाईंनाहि आमची एक नम्र विनंती आहे. गांधीजी १९४२ सालीं पुण्यास आगाखान पॅलेसमध्यें अटकेंत असतां त्यांनीं आरोग्यावर एक लहान पुस्तक लिहिलें. त्यांत त्यांचा अभिप्राय असा कीं, ज्यास दूध चालतें त्यास न फळलेलें अंडें घेण्यास हरकत नसावी. आम्हांस हा युक्तिवाद बिनतोड वाटतो, परंतु तो दोन्ही बाजूंनीं कापतो. गोठ्यांत जन्मलेल्या पाड्याचें पुढें काय होतें, हा प्रश्न आपण दुधाच्या पेल्यापाशीं विचारीत नाहीं, अंड्यापाशींच विचारतों. हें लिहितांना आमच्यापुढें चहाचा पेला आहे, आणि त्यांत दूध आहे, हेंहि कबूल केलें पाहिजे.

मुलीनें अंडें खावें कीं नाहीं हें आम्ही सांगणार नाहीं. तें तिच्या डॉक्टरांचें, तिच्या आईबापांचें आणि आतां तिचेंहि काम आहे. शक्ति भरून येण्यास अंडें हा सोपा मार्ग आहे, एकुलता एक नव्हे. दूध, दहीं, डाळी, उसळी, शेंगदाणे यांच्या जोरावर पिढ्यान् पिढ्या दुखण्यांतून उठल्या आहेत, आणि अंडें नको असेल तर डॉक्टरांस तसें स्पष्ट सांगून प्रमाण ठरवून घ्यावें. द्यावयाचें झालें तर पुरतें उकडून द्यावें. विषमज्वरांतून उठलेल्या पोटास कच्चें किंवा अर्धकच्चें नको. तिला फसवून, पिठांत कालवून मात्र देऊं नये. जी मुलगी खरें काय तें विचारते, तिचा विश्वास अंड्याहून महाग आहे.

त्या भगिनींना एक प्रयोग सुचवितों. घरांत अंडें आणावयाचें नसेल तर शेजारीं जाऊन करावा. दुकानांतील एक आणि ज्या घरीं कोंबडा आहे तेथील एक, अशीं दोन अंडीं निरनिराळ्या पांढऱ्या बशांत अलगद फोडावीं आणि खिडकीच्या उजेडांत ठेवावीं. बलकावर एक पांढुरका ठिपका दिसेल. न फळलेल्या अंड्यांत तो लहान, घट्ट आणि वेडावांकडा असतो. फळलेल्यांत त्याहून मोठा, गोल, मध्यें फिकट आणि कडेनें कंकणासारखा. मुलीबरोबर आजीलाहि बोलवावें, चष्मा घेऊन. ठिपका खालच्या बाजूस गेला असेल तर बलक चमच्यानें हळूच उलटावा लागतो. पहिल्या खेपेस तो बहुधा फुटतो.